झिजलेला श

घरात आमच्या तेलुगू.
मराठी मी शिकलो उलटी, शिशातून,
दाजी पेठेतल्या छापखान्यात,
जिथं दर मंगळवारी
चिंचणीकरांचं ‘खड्गधार’ निघायचं.

चार पानं. तिसऱ्यावर कापसाचे भाव,
पहिल्यावर अग्रलेख.
रिमं यायची कमरुद्दीन मोमीनच्या दुकानातून, उधारीत,
अग्रलेखातला शत्रूही तिथंच राहायचा,
पत्ता तेवढा दिलेला नसायचा.
एका कॉलमात एकोणीस वेळा शत्रू.
केसमधले श पुरेनात.
साहेब म्हणाले, येमूल, मथळ्याचा मोठा श घाल,
मोठाच दिसू दे तो.
घातला.
आठ आणे जास्त मिळाले.

एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात ते बोटीनं गेले,
अभ्यासाला म्हणे.
पुढं आला तो त्यांचा आवाज.
नव्या पेठेत बसलिंगप्पा घड्याळवाल्याच्या मागच्या खोलीत
रेडिओवर चादर टाकून आम्ही सातजण ऐकायचो.
चादर इथलीच, मोरांच्या नक्षीची.
मोरांमधून बर्लिन बोलायचं,
आमच्या साहेबांच्या नाकातून.

एका रात्री म्हणाले,
सोलापूर पेटलंय, गिरणीची राख झाली,
रस्त्यात प्रेतं.
तेवढ्यात भोंगा झाला.
सातांपैकी दोघं रडत होते, त्यांना तो ऐकूच आला नाही.
घरी गेलो तर आई पाळी संपवून आलेली,
केसांत कापूस, भाकरी थापत होती.
म्हटलं, अम्मा, तू जळालीस.
ती म्हणाली, बरं,
मग चटणी तू वाट.

परत आले ते ओव्हरकोट घेऊन.
सोलापूरच्या मे महिन्यात
राखी लोकरीचा, गुडघ्यापर्यंत ओव्हरकोट!
छापखान्याच्या खुंटीवर तो लटकायचा
आणि डांबरगोळ्यांच्या वासात
आम्ही त्यांचं पुस्तक जुळवायचो.

पुस्तकात ते रेडिओवर कधी बोललेच नव्हते,
नुसतं दुसऱ्याचं वाचून दाखवलं होतं.
पुस्तकात मार्शल लॉच्या वेळी
ते छाती काढून चौकात उभे होते.
(अक्कलकोटला होते, बहिणीकडे. गालगुंड झालेलं.
मोसंबी मीच पोचवली.)
पुस्तकात तिकडच्या छावण्या आजाऱ्यांसाठी होत्या,
धूर पाव भाजण्याचा होता,
आणि मेलेली माणसं
अवतरणचिन्हांत होती.

इतकी अवतरणचिन्हं आणायची कुठून?
स्वल्पविराम उलटे करून लावले.
तेही संपले.
दोनशे एकतिसाव्या पानावर
मेलेली माणसं मी तशीच सोडली,
उघडी.
प्रूफ साहेबांनी चष्म्याशिवाय पाहिलं.

मुद्दाम का, असं माझा नातू विचारतो.
त्याला मी हो म्हणावं असं वाटतं.
घरात चार पोरं होती,
डब्यात स्वल्पविराम नव्हते,
इतकंच मला नक्की सांगता येतं.

साहेब गेले तेव्हा पाच माणसं होतो.
कमरुद्दीनचा मुलगा आलेला,
जुन्या उधारीचा कागद खिशात घेऊन.
काढला नाही त्यानं.
ओव्हरकोट कुणी नेला, माहीत नाही.

छापून झालं की खिळे सोडवायचे असतात.
हात आपोआप चालतो,
म च्या घरात म, र च्या घरात र.
शत्रूतला श वेगळा ठेवावा
असं दुसरं घर केसमध्ये नसतं.
तोच मोठा श उचलून
पुढची तीस वर्षं मी लग्नपत्रिका जुळवल्या.
डावी गाठ झिजलेली,
शाई नीट धरायचा नाही.

पूर्व भागात कुणाच्या पेटीत
जुनी पत्रिका सापडली तर बघा,
हळदीचं बोट लागलेल्या कोपऱ्याखाली
शुभविवाहातलं शुभ
जरा तुटकं उमटलंय.